गॅलरीचे लाकूड आगीपासून जपायचे तर आधी पावसाचा हिशेब करा

प्रति,
मुंबईतील जुन्या चाळी व उपकरप्राप्त इमारती, पुण्यातील वाडे आणि कोकणातील लाकडी मंदिरे यांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके व निविदा तयार करणारे अभियंते, वास्तुविशारद आणि वारसा जतन सल्लागार

विषय: पावसात भिजणाऱ्या लाकडाच्या अग्निसंरक्षणाचे कलम बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात एक ओळ हमखास आढळते: ‘लाकडी भागांना मान्यताप्राप्त बनावटीचा अग्निरोधक लेप दोन हात देणे, दर चौरस मीटर.’ खोलीतली तुळई, जिन्याच्या पायऱ्या, माळ्याचे वासे, वळचणीची नक्षीदार झालर आणि थेट पावसात उभा असलेला गॅलरीचा कठडा, सगळे लाकूड या एकाच ओळीत आणि एकाच दरात बसवलेले असते. हे पत्र या ओळीबद्दल आहे. खोलीतल्या तुळईवर जे अग्निरोधक औषध वर्षानुवर्षे काम करते, तेच पश्चिमेकडच्या कठड्यावरून एका पावसाळ्यात धुऊन जाऊ शकते. काम पूर्ण झाल्याची नोंद मात्र दोन्हीकडे सारखीच होते आणि त्या नोंदीच्या भरवशावर माणसे तिथे राहत असतात.

लाकडी वास्तू आगीत जाणे हे महाराष्ट्राला नवे नाही. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. १८७९ साली पुण्यातच बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ बसली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू होती. अशा घटनेनंतर अग्निरोधक लेपाची मागणी वाढते आणि ती योग्यच आहे. म्हणूनच तो पैसा नेमका कुठे, कशावर आणि कोणत्या महिन्यात खर्च व्हावा, हे आत्ताच ठरवायला हवे.

आधी औषध काय करते ते पाहू. लाकूड तापले की साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन वेग घेते, त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. अमोनियम फॉस्फेटसारखी लवणे लाकडाला कमी तापमानालाच कोळशाकडे वळवतात. त्यामुळे वायू कमी आणि कोळसा व पाण्याची वाफ जास्त तयार होते. बोरॅक्स ज्वाळा पसरू देत नाही, पण आतली धुमस त्याने थांबत नाही. ती बोरिक आम्लाने थांबते. म्हणून ही दोन नेहमी एकत्र वापरतात. स्वस्त आहेत, वाळवीवरही चालतात, आणि कोरड्या जागी त्यांना तोड नाही.

मात्र ही सगळी लवणे पाण्यात विरघळतात. विरघळतात म्हणूनच ती लाकडात घालता येतात आणि त्याच कारणाने बाहेरही निघून जातात. मुंबईत वर्षाकाठी २२०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कठडा, झालर, झिलमिलीच्या पट्ट्या, गॅलरीची कडेची फळी हे भाग चार महिने ओले-सुके होत राहतात. प्रत्येक वेळी पाणी आत जाताना लवण विरघळवते आणि बाहेर येताना सोबत घेऊन येते. ऑक्टोबरमध्ये लाकडावर पांढरी भुकटी फुललेली दिसली तर ते तुमचे अग्निसंरक्षण बाहेर पडताना दिसते आहे. रंगारी ती ओल्या फडक्याने पुसून वर पॉलिश मारतो आणि खूणही नाहीशी होते.

पाऊस बाजूला ठेवला तरी ब्रशने मारलेल्या लवणाचा हिशेब जुळत नाही, तो एकदा कागदावर मांडून पाहावा. ज्वाळा पसरणे खऱ्या अर्थाने रोखायचे तर लाकडात दर घनमीटरला निदान ४० किलो कोरडे लवण उतरावे लागते. पुष्कळदा त्याहून जास्त. २० मिलीमीटर जाडीच्या एक चौरस मीटर फळीचे घनफळ ०.०२ घनमीटर, म्हणजे तिला ८०० ग्रॅम लवण हवे. द्रावण २० टक्क्यांचे धरले तर ते ४ किलो झाले. रंधलेल्या सागावर ब्रशचा एक हात फार तर १०० ते १५० ग्रॅम द्रावण सोडतो. हिशेब तीसएक हातांवर जातो आणि निविदेत असतात दोन. त्यातही सागाचा गाभा औषध जवळजवळ पीतच नाही. पितो तो कडेचा पांढरा भाग, आणि जुन्या चांगल्या सागात तो असतोच कमी. तेव्हा उभ्या इमारतीतल्या सागावर ‘लवणाचे द्रावण ब्रशने’ हे कलम आतल्या भागांसाठीही कमकुवत आहे. बाहेरच्या भागांसाठी ते काढूनच टाकावे.

मग बाहेर काय चालते? दोनच मार्ग भरवशाचे आहेत आणि दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिला मार्ग नव्याने बसवायच्या फळ्यांचा. बंद टाकीत आधी निर्वात करून मग दाबाखाली लाकडात औषध भरायचे, पण ते साधे लवण नको. फॉस्फरसयुक्त आणि नायट्रोजनयुक्त घटकांचे राळेसारखे मिश्रण असे असते की भट्टीत तापवल्यावर ते लाकडाच्या आतच घट्ट होते आणि पाण्यात परत विरघळत नाही. डायसायनडायअमाइड किंवा मेलामाइन, फॉस्फरिक आम्ल आणि फॉर्मल्डिहाइड यांवर आधारलेली ही पद्धत जुनी आणि अभ्यासलेली आहे. यातला निर्णायक टप्पा भट्टीचा. पुरवठादाराने टाकीतून काढलेल्या फळ्या नुसत्या उन्हात वाळवून पाठवल्या तर राळ नीट पक्की होत नाही आणि महाग मालही साध्या लवणासारखा धुपतो. म्हणून प्रत्येक घाण्याचा तक्ता मागा: घालण्यापूर्वीचे वजन, काढल्यावरचे वजन, द्रावणाची तीव्रता, भट्टीचे तापमान आणि तास. वजनांच्या फरकाला तीव्रतेने गुणले की किती औषध उतरले ते कोणालाही काढता येते.

अशा फळ्यांसाठी लाकूड औषध पिणारे निवडावे लागते. रेडिएटा पाइनचा पांढरा भाग चांगला पितो. सागाचा हट्ट धरला तर टाकीचा खर्च वाया जातो. औषध भरलेल्या लाकडाची वाकण सोसण्याची ताकद साधारण १० ते २० टक्क्यांनी घटू शकते, म्हणून भार घेणाऱ्या वाशांना ते वापरताना माप वाढवा. फळ्या आधी मापात कापून, रंधून, भोके पाडून मगच टाकीत घालायच्या. जागेवर आणून उभ्या चिरल्या किंवा रंधा मारला तर औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो. सुताराची सवय मोडणारी ही अट आहे, त्यामुळे ती निविदेत आणि नकाशावर, दोन्हीकडे लिहावी.

खिळ्यांचेही असेच. अमोनियमयुक्त लवण हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते; समुद्राच्या खाऱ्या हवेत हे दुपटीने जाणवते. जस्ताचा मुलामा फार दिवस तग धरत नाही आणि पितळेलाही अमोनियाचा त्रास होतो. बाहेरच्या भागांना स्टेनलेस स्टीलचे, ३१६ प्रतीचे स्क्रू द्यावेत. पूर्ण कामाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि कठडा स्क्रूपाशी कुजून निखळला तर आगीची वाटही पाहावी लागत नाही.

दुसरा मार्ग जागेवरच्या जुन्या सागाचा, जो बदलायचा नाही आणि बदलूही नये. तिथे फुगणारा लेप, म्हणजे इंट्युमेसंट कोटिंग, हाच पर्याय उरतो. अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन हे त्याचे मुख्य घटक. उष्णता लागली की लेप मूळ जाडीच्या अनेक पट फुगतो आणि लाकडावर कोळशाच्या फेसाचा थर धरतो. यातले पहिले दोन घटक पाण्याला कच्चे आहेत. त्यांचे रक्षण वरचा जलरोधक हात करतो. तो हात कुठे तडकला, उडाला, घासला गेला, की पाणी खालच्या लेपात शिरते, लेप फुगतो, पांढरा पडतो आणि पापुद्र्याने सुटतो. म्हणजे बाहेरच्या कामात वरचा हात हा लेपाचाच भाग आहे. ‘फिनिशिंग’ म्हणून तो वेगळ्या कंत्राटदाराकडे दिला की कामाची जबाबदारी तिथेच तुटते.

वरच्या हाताबाबत दोन चुका वारंवार होतात. एक, दुकानात मिळेल ते पॉलियुरेथेन पॉलिश वर मारणे. त्याची विद्रावके खालच्या लेपाला मऊ करू शकतात किंवा दोघांची पकड बसत नाही. दुसरी, टिकाऊ व्हावे म्हणून वरचा हात जाड देणे. फार जाड, कडक थर खालच्या लेपाला फुगू देत नाही आणि त्यातच स्वतः जळणारी भर पडते. लेप, प्रायमर आणि वरचा हात एकाच उत्पादकाचे, एकत्र चाचणी झालेले असावेत आणि वरच्या हाताची किमान जाडी जशी लिहिता तशी कमालही लिहावी.

लेपाचे प्रमाण ‘दोन हात’ असे लिहूच नका. दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे लिहा. पारदर्शक फुगणारे लेप बहुधा ३०० ते ५०० ग्रॅमच्या घरात लागतात. नेमका आकडा त्या उत्पादनाच्या चाचणी अहवालातून घ्यावा. जागेवर मोजमाप कसे करायचे, याची अडचण खरी आहे, कारण लोखंडावर चालणारे चुंबकीय जाडीमापक लाकडावर चालत नाही. लेप ओला असतानाच दातेरी फणीने जाडी पाहावी आणि रोज संध्याकाळी रिकामे डबे मोजून त्या दिवसाच्या क्षेत्रफळाने भागावे. डब्यांचा हिशेब हा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा पुरावा आहे. नक्षीच्या झालरीचे आणि गोल गजांचे क्षेत्रफळ सपाट धरू नका. त्यांचा पृष्ठभाग समोरून दिसतो त्याच्या दुपटी-तिपटीने असतो आणि नेमका तिथेच लेप पातळ पडतो.

काम कधी करायचे, हा मुद्दा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. लेपाखालचे लाकूड १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओले असू नये. पावसाळ्यानंतर मुंबईतले बाहेरचे लाकूड त्याच्या बरेच वर असते. ऑक्टोबरच्या उन्हात ते वरून कोरडे वाटते, पण सांध्यांत आणि फळीच्या टोकांत पाणी शिल्लक असते. डिसेंबर ते एप्रिल हा काळ योग्य. मार्चअखेरीस बिल काढायची घाई आणि मे महिन्यात सुरू झालेले काम, या दोन्हींत लेप बिघडतो. ओलावामापकाने प्रत्येक मजल्यावर फळीच्या मध्ये आणि टोकाला मोजावे. मात्र ज्या लाकडावर पूर्वी लवणाचे द्रावण मारले आहे तिथे विद्युत्-रोधावर चालणारे मापक फसवे, जास्तीचे आकडे दाखवते. अशा ठिकाणी छोटा तुकडा काढून भट्टीत वाळवून वजनातला फरक पाहावा.

जुना रंग खरवडून काढायलाच हवा. शंभर वर्षांत चढलेल्या तेलरंगाच्या थरांवर फुगणारा लेप मारला तर आगीत तो थर सुटतो आणि फुगलेला लेपही त्याबरोबर खाली येतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चाला: ओले घासणे, मुखपट्टी, खाली ताडपत्री. ब्लो-लॅम्पने रंग जाळून काढण्यावर तर पूर्ण बंदी हवी. ज्योत फटीतून फळीमागच्या धुळीपर्यंत पोचते, तिथे धुमसत राहते आणि कामगार घरी गेल्यावर पेट घेते. दुरुस्ती चालू असतानाचा काळ लाकडी वास्तूला फार धोक्याचा असतो. पॅरिसचे नोत्र-दाम २०१९ साली पेटले तेव्हाही तिथे दुरुस्तीच चालू होती. वेल्डिंग आणि कटिंग इमारतीबाहेर करावे. अगदीच अशक्य असेल तिथे काम संपल्यावर किमान एक तास पाण्यासह राखणदार ठेवावा. बेलतेलाने (उकळलेल्या जवसाच्या तेलाने) भिजलेली फडकी पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकावीत, कारण ती ढिगात आपोआप तापून पेटतात.

लेपाकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट असावे. लेप किंवा औषध आग पेटणे आणि पसरणे लांबवते. खांब-तुळई किती वेळ उभी राहील, हे मुख्यतः तिच्या जाडीवर ठरते. सागासारखे घट्ट लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलीमीटर कोळसा होत आत जळते. २०० बाय २५० मिलीमीटरची तुळई तीन बाजूंनी अर्धा तास जळली तर सुमारे १७० बाय २३५ शिल्लक राहते आणि बहुधा भार पेलते. २० मिलीमीटरची फळी दोन्ही बाजूंनी पेटली तर तेवढ्या वेळात उरतच नाही. मर्यादित पैसा असेल तर तो पातळ भागांवर घाला: झिलमिली, झालर, गज, जिन्याखालची फळी, गॅलरीच्या मजल्याची खालची बाजू. एका मजल्याची आग वरच्या मजल्यावर चढते ती याच पायऱ्यांनी. जाड तुळयांना चकचकीत लेप देऊन फोटो चांगले येतात, पण प्राधान्य त्यांना नको.

गॅलरीच्या मजल्याच्या वरच्या बाजूला लेप मारू नका. चालण्याने, धुण्याच्या पाण्याने, बादल्या सरकवण्याने तो वर्षभरही टिकत नाही. तिथे औषध भरलेली फळी, किंवा खालून कॅल्शियम सिलिकेटचा पत्रा. पत्रा लावताना फळीला वारा मिळेल अशी फट ठेवा, नाहीतर लाकूड कुजेल. आणि ती फट प्रत्येक खोलीच्या भिंतीशी रॉकवूलने तोडा, नाहीतर तीच फट धुराड्यासारखी आग पुढे ओढत नेईल. जिन्याखालची विजेची मीटरपेटी हलवणे शक्य असेल तर लेपाआधी ते काम करा. सैल जोडणीची धग तासन्‌तास लाकडाला मिळत राहिली तर कोणताही लेप पुरा पडत नाही.

आता प्रमाणपत्रांविषयी. आय.एस. ५५०९ हे अग्निरोधक प्लायवूडचे मानक आहे. सागाच्या कठड्यावर मारलेल्या लेपासाठी ते दाखवले गेले तर स्वीकारू नका. लोखंडी खांबावर मिळालेला ‘दोन तासांचा’ अहवालही लाकडाला लागू नाही. बाहेरच्या भागांसाठी हवा तो अहवाल असा: नमुन्याला आधी कृत्रिम पाऊस-ऊन दिले आणि मग आगीची चाचणी केली. एएसटीएम डी २८९८ या अमेरिकी मानकातल्या एका पद्धतीत बारा आठवडे, दर आठवड्याला ९६ तास पाणी आणि ७२ तास उष्ण हवेत वाळवण, असे चक्र असते. युरोपचे ईएन १६७५५ हे मानक लाकडाचे तीन वर्ग करते: आतले कोरडे, आतले दमट आणि बाहेरचे. गॅलरीला बाहेरचा, म्हणजे ‘ईएक्सटी’ वर्ग मागा. फक्त नव्या, न भिजलेल्या नमुन्याचा अहवाल दिला असेल तर पावसातल्या टिकाऊपणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

प्रयोगशाळेला पर्याय म्हणून नव्हे, पण निकृष्ट माल आधीच ओळखण्यासाठी एक चाचणी कार्यस्थळी करता येते. त्याच कामाच्या लाकडाचे १५० बाय ७५ बाय २० मिलीमीटरचे नऊ तुकडे घ्या. तीन कोरे ठेवा आणि सहांना टोकांसकट पूर्ण लेप द्या. लेप पक्का झाल्यावर त्यातले तीन १४ दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि मग आठवडाभर सावलीत वाळवा. नंतर उघड्यावर, वाळूची बादली जवळ ठेवून, प्रत्येक तुकड्याला एकाच अंतरावरून ६० सेकंद गॅसची ज्योत द्या. ज्योत काढल्यावर तुकडा किती सेकंद जळत राहतो आणि लेप किती फुगतो ते लिहून ठेवा. भिजवलेले तुकडे कोऱ्या तुकड्यांसारखे वागले तर तो माल परत पाठवा.

निविदेत पुढील मजकूर घालावा, अशी आमची विनंती आहे: ‘लाकडी भागांचे आतील कोरडे, छताखालील दमट व थेट पावसातील असे तीन वर्ग नकाशावर दाखवावेत व प्रत्येकाचा दर स्वतंत्र घ्यावा. थेट पावसातील भागांसाठी वापरावयाच्या प्रणालीचा, हवामान-चाचणीनंतर घेतलेल्या अग्निचाचणीचा अहवाल जोडावा. लेपाचे प्रमाण ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये नोंदवावे. लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांपेक्षा अधिक असताना काम करू नये. देयकाचा शेवटचा हिस्सा एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर, पाहणीनंतर द्यावा.’ शेवटचे वाक्य कंत्राटदारांना आवडणार नाही. पण बाहेरच्या लेपाची खरी परीक्षा जूननंतरच होते आणि मार्चमध्ये पूर्ण देयक दिल्यावर ती परीक्षा घ्यायला कोणी परत येत नाही.

देखभालीची तरतूदही याच अंदाजपत्रकात हवी. पश्चिम आणि नैऋत्य बाजूचा वरचा हात आपल्या उन्हापावसात दोन-तीन वर्षांत नवा करावा लागेल, असे धरून चला; आतल्या बाजूला तो बराच जास्त टिकेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ‘ब’, म्हणजे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, दिला जातो. लेपाची पाहणी त्याच्याशी जोडता येईल, पण जुलैत भर पावसात लेप तपासून काही कळत नाही. त्यासाठी ऑक्टोबरची वेगळी फेरी ठेवा: पांढरी भुकटी, फुगलेले पापुद्रे, फळ्यांची टोके, सांधे आणि पाइपाशेजारच्या ओल्या जागा. जे सापडेल ते डिसेंबरमध्ये त्याच उत्पादनाने दुरुस्त व्हावे. त्यासाठी वापरलेल्या मालाचे नाव, घाण्याचा क्रमांक आणि मारल्याची तारीख मीटरपेटीजवळच्या पाटीवर लिहून ठेवा. रहिवाशांनी दर दिवाळीला त्यावर घरचा तेलरंग मारू नये, ही सूचनाही त्याच पाटीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावी.

आपले,
लाकूड संरक्षण, सुतारकाम आणि अग्निसुरक्षा या क्षेत्रांत काम करणारे काही तंत्रज्ञ व कारागीर